शिकार कोणाची, शिकारी कोण?

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की ठाणे जिल्ह्यातल्या ओढ्यांना लाल पाण्याचा लोंढा येतो आणि त्या लोंढ्याच्या उलट दिशेने मासे चढू लागतात. उल्हास, काळू, भातसा आणि बारवी या नद्यांतले मासे अंडी घालण्यासाठी ओहोळांच्या वाटेने थेट भातखाचरांत शिरतात. आपल्याकडे याला वलगण म्हणतात. कातकरी, ठाकूर, आगरी, कुणबी अशा सर्व घरांतली माणसे त्या रात्री बत्ती घेऊन बाहेर पडतात. दुसऱ्या दिवशी वाडीवरच्या प्रत्येक चुलीवर गाबोळीने भरलेल्या माशांचे कालवण रटरटत असते. शिवडे, मळे, वाम, मरळ, जे मिळेल ते. उरलेले मासे चुलीवरच्या धुरात सुकतात आणि भर पावसात, हाताला काम नसताना, भाकरीबरोबर पुरवून पुरवून खाल्ले जातात.

अलीकडे मात्र त्याच रात्री कल्याण-मुरबाड आणि बदलापूर-बारवी रस्त्यांच्या कडेला मोटारींच्या रांगा दिसू लागल्या आहेत. शहरातली ही मंडळी येताना मच्छरदाण्या, टॉर्च, मद्याच्या बाटल्या आणि क्वचित प्रसंगी बॅटरीला जोडलेल्या विजेच्या ताराही घेऊन येतात. चार-पाच जणांची टोळी एका ओढ्यातून पोतेभर मासे उपसते, त्यातले निम्मे शिजवते आणि उरलेले तिथेच टाकून पहाटे परत फिरते. वाडीवरचा कातकरी सकाळी ओढ्यावर येतो, तेव्हा त्याच्या वाट्याला काचा आणि कुजलेले मासे येतात.

आणि वृत्तपत्रात बातमी येते ती कोणाची? कातकऱ्याच्या झोळीत ससा सापडल्याची! वनखात्याचे कर्मचारी त्याला मध्ये उभा करून छायाचित्र काढून घेतात. डोंबिवलीच्या दिवाणखान्यात ते छायाचित्र पाहून हळहळ व्यक्त होते : ‘‘काय ही माणसं! ससा मारून खातात!’’ रात्री मोटारीतून येऊन ओढा उपसणाऱ्यांचे नाव मात्र त्या बातमीत नसते आणि ज्या कारखान्याच्या सांडपाण्याने खाली नदीतले मासे उलटे होऊन तरंगले, त्याचेही नसते.

शिकार ही क्रूर गोष्ट आहे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु पोटासाठी मारणारा, चैनीसाठी मारणारा आणि नफ्यासाठी विष ओतून सरसकट मारणारा हे तिघे एका पंक्तीत बसत नाहीत. या तिघांतला भेद ज्या समाजाला करता येत नाही, तो समाज दुर्बलाला शिक्षा देतो, बलवानाला सोडून देतो आणि वर स्वतःला दयाळू म्हणवून घेतो. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत आज नेमके हेच घडत आहे.

उंदीर खाणाऱ्याचा अपराध

कातकरी हा महाराष्ट्रातल्या अतिमागास म्हणून नोंदलेल्या तीन जमातींपैकी एक. अन्य दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी, हा त्यांचा मूळ व्यवसाय. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या पावणेतीन लाखांच्या वर नोंदली गेली आणि त्यांतील बहुसंख्य ठाणे, पालघर आणि रायगड या पट्ट्यात राहतात. इंग्रजांनी राखीव जंगलाचा कायदा आणला तेव्हा खैर सरकारचा झाला आणि कातकऱ्याचा धंदा बुडाला. शिवाय १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली त्याच इंग्रजांनी कातकऱ्यांच्या कपाळावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. आधी हातचे काम काढून घ्यायचे आणि मग पोटासाठी हातपाय हलवले की चोर ठरवायचे, असा तो न्याय होता. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. शिक्का मात्र आमच्या मनातून पुसला गेला नाही.

आज कातकऱ्याचे वर्ष कसे जाते? दिवाळी सरली की मुकादमाकडून उचल घेऊन तो भिवंडी-कल्याण परिसरातल्या वीटभट्ट्यांवर किंवा घाटावर कोळसा पाडायला जातो. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली संपली, परंतु उचलीचा हिशेब वर्षानुवर्षे फिटत नाही. पावसाच्या तोंडावर तो वाडीवर परततो तेव्हा गाठीला काही नसते. जून ते सप्टेंबर हे त्याच्या उपासमारीचे महिने असतात आणि त्या महिन्यांत त्याला जगवते ती नदी, ओढा आणि रान. रानभाज्या, कंद, मासे आणि मुठे यांवर तो दिवस काढतो. मुठ्यांचे पाय पाट्यावर वाटून, तो रस गाळून कालवणात घालण्याची त्याच्या बायकोची रीत आगरी-कोळ्यांच्याच नव्हे, तर ठाण्यातल्या कायस्थांच्या स्वयंपाकघरातही जशीच्या तशी आहे. फरक एवढाच की तिथे ती पाककृती म्हणून मिरवते आणि इथे ती भुकेची सोय असते.

भात कापून झाले की कातकरी खाचरांचे बांध खणून उंदीर काढतात. या एका गोष्टीवरून आपण त्यांची जेवढी कुचेष्टा केली, तेवढी दुसऱ्या कोणत्याही गोष्टीवरून केली नसेल. वास्तविक पाहता बांधातला उंदीर हा शेतकऱ्याचा वैरी. तो बिळात भाताच्या लोंब्या साठवतो, बांध पोखरतो आणि पुढच्या पावसात तो बांध फुटतो. कातकरी बीळ खणतो तेव्हा उंदीर तर जातोच, शिवाय साठवलेले भातही परत मिळते. विषाची गोळी घालून मारलेला उंदीर घुबडाच्या आणि घारीच्या पोटात जाऊन त्यांचाही बळी घेतो, तसे येथे होत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही उंदीर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच वगळली गेली, परंतु उंदराला संरक्षित केले गेले नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने या कामात अपराध नाही आणि शेतीच्या दृष्टीने ती सेवा आहे. मग अपराध कशाचा? आपल्याला किळस येते, एवढ्याचाच!

शाकाहार श्रेष्ठ मानणाऱ्यांविषयी आम्हाला पूर्ण आदर आहे. ती आपल्या परंपरेतली एक उदात्त साधना आहे. परंतु ज्याच्या घरात दोन वेळचे धान्य आहे त्याने ज्याच्या घरात नाही त्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडणे, ही साधना नव्हे. रामनवमीला शबरीच्या बोरांची कथा सांगताना ज्यांचा कंठ दाटून येतो, त्यांनी शबरीच्या लेकरांच्या चुलीवर काय शिजते म्हणून त्यांना पंक्तीबाहेर उठवावे, ही विसंगती आपल्याला कधी टोचणार आहे?

परंपरा काय सांगते?

‘शिकार हा क्षत्रियाचा धर्म’ असे सांगणारे काही महाभाग आपल्यात आहेत. त्यांनी आपलेच ग्रंथ पुन्हा उघडून पाहावेत. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाच्या कामजन्य व्यसनांची जी यादी आहे, तिची सुरुवातच मृगयेपासून होते. पांडूला शाप मिळाला तो समागमात असलेल्या मृगाच्या जोडीवर बाण सोडल्यामुळे. दशरथाने शब्दवेध साधण्याच्या हौसेपायी श्रावणाचा प्राण घेतला आणि त्या पापाचे फळ पुत्रवियोगात भोगले. आपल्या महाकाव्यांत राजाची हौशी मृगया पुन्हा पुन्हा संकटाचे मूळ ठरते.

आता दुसरी बाजू पाहा. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध भेटतो. तो स्वतः प्राणी मारत नाही, पण मांस विकून आईवडिलांचा सांभाळ करतो. तपाचा अभिमान धरणाऱ्या कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकवण्याचा मान महाभारताने त्यालाच दिला. रामायणातला निषादराज गुह रामाचा सखा आहे. याचा अर्थ सरळ आहे : राजाच्या चैनीच्या शिकारीला व्यसन म्हणून दोष दिला गेला आणि उपजीविकेसाठी रानावर वा मांसावर अवलंबून असणाऱ्याला समाजाबाहेर टाकले गेले नाही. भेद होता तो हेतूचा आणि मर्यादेचा.

मर्यादा तर आपल्या राज्यशास्त्रात स्पष्ट लिहून ठेवलेली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सूनाध्यक्ष’ या अधिकाऱ्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. अभय दिलेले पशू, पक्षी आणि मासे मारणाऱ्याला कोणता दंड करावा, हे त्यात सांगितले आहे. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात विशिष्ट तिथींना मासे मारू नयेत आणि विकू नयेत, अशी आज्ञा आहे. विनाकारण किंवा जीव मारण्यासाठी वने जाळू नयेत, असेही तो बजावतो. आज शहापूर-मुरबाडच्या डोंगरांवर उन्हाळ्यात जे वणवे पेटतात, त्यांतले काही सावज हुसकण्यासाठी लावलेले असतात. अशोकाची ती आज्ञा किती नेमकी होती, हे त्यावरून कळावे.

आपल्या वाचकांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे, परंतु अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला, तो सोपाऱ्यात. म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, आजच्या पालघर जिल्ह्यात. त्या आठव्या लेखाचा विषय काय? पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत, आपण मात्र धर्मयात्रा सुरू केली, हे सम्राटाचे निवेदन! सत्ताधीशाने चैनीची शिकार सोडल्याची ही घोषणा दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच भूमीत, आपल्याच बंदरात दगडावर कोरली गेली होती. त्याच भूमीवर आज फार्महाऊसचे राजे विहारयात्रा पुन्हा सुरू करीत आहेत.

फार्महाऊसवरची मृगया

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महापालिकांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच तीस लाखांच्या वर गेली होती. या लोकवस्तीत पैसा आला, त्याबरोबर शनिवार-रविवार आला आणि त्याबरोबर शहापूर, मुरबाड, कर्जत येथील फार्महाऊस आले. निसर्गाच्या ओढीने माणसे गावाकडे वळली, यात वाईट काहीच नाही. परंतु त्यांतल्या काहींना कोंबडी नको असते. त्यांना ‘रानातलं काहीतरी’ हवे असते. रानडुक्कर, भेकर, ससा, रानकोंबडी, घोरपड अशी नावे दबक्या आवाजात घेतली जातात. रानातल्या मांसाने अंगात ताकद येते, घोरपडीच्या चरबीने सांधे सुटतात, असल्या भाकडकथा त्यासोबत सांगितल्या जातात. सुशिक्षित, संगणकावर काम करणारी माणसे त्या ऐकून घेतात आणि नोटा मोजतात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे समजून घेतली पाहिजे. ज्या कातकऱ्याने पूर्वी महिन्यातून एखादा ससा घरच्यासाठी पकडला असेल, त्याच्या हाती हे गिऱ्हाईक पैसे ठेवते तेव्हा शिकारीचे गणितच बदलते. भुकेला मर्यादा असते. पोट भरले की माणूस थांबतो. बाजाराला मर्यादा नसते. मग गलोलीच्या जागी तारेचे फास येतात आणि कणकेच्या गोळ्यात दडवलेला गावठी बॉम्ब येतो. त्याने रानडुकराचा जबडा फुटतो आणि ते दोन-दोन दिवस तडफडत मरते. फासात सशाऐवजी बिबट्या अडकू शकतो, बॉम्ब गाईच्या तोंडात फुटू शकतो. पकडला जातो तो फास लावणारा. ज्याच्या जिभेसाठी फास लावला गेला, तो सोमवारी सकाळची लोकल पकडून कार्यालयात पोहोचलेला असतो.

कायदा मात्र याबाबत संदिग्ध नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने मोर किंवा घोरपड यांच्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांचा कारावास ठेवला आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान दंडही पंचवीस हजार रुपये झाला आहे. शिकार करणे हा जसा गुन्हा, तसे त्या प्राण्याचे मांस बाळगणे आणि विकत घेणे हाही गुन्हाच. म्हणजे यजमान आणि पाहुणे दोघेही कायद्याच्या कक्षेत येतात. प्रश्न आहे तो वनखात्याने त्या फाटकातून आत जाण्याचा. वाडीवरच्या झोपडीला फाटक नसते म्हणून तिथे झडती सोपी जाते. फार्महाऊसला फाटक असते, पहारेकरी असतो आणि मालकाच्या खिशात कोणाचा तरी दूरध्वनी क्रमांक असतो.

खाडीचे मारेकरी कोण?

आता माशांकडे वळू. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यात आली, तेव्हा चेंदणीचा कोळीवाडा खाडीच्या काठावर होताच. चेंदणी, कोपरी, विटावा, दिवा, मोठागाव या साऱ्या वस्त्या खाडीवर जगलेल्या आहेत. डोल, भोकशी, पाग ही त्यांची जाळी. निवट्या, बोईट, कोळंबी, जिताडा, शिंगाळा, चिंबोऱ्या, कालवे ही त्यांची संपत्ती. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या हाताने पकडून त्यांचे चिंच-लसूण घातलेले तिखट कालवण करावे, ही या काठावरची खास ओळख. कोळ्यांनी समुद्रावर आणि खाडीवर निर्बंध पाळले ते सरकारी अधिसूचनेची वाट न पाहता. पावसाळ्यात दर्याला विश्रांती द्यायची, नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होडी लोटायची, हा त्यांचा नेम. आज सरकार यांत्रिक नौकांना जून-जुलैत मासेमारीची बंदी करते. तिचे शास्त्रीय कारण हेच, की तो माशांच्या विणीचा काळ असतो.

मग खाडीतले मासे गेले कुठे? कोळ्यांनी खाऊन संपवले? ज्यांना असे वाटते त्यांनी एकदा वालधुनीच्या काठाने चालून यावे. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालून जाणारी ही नदी आज नाल्याहून हीन अवस्थेत उल्हासनगर-कल्याणमधून वाहते. २०१४ च्या अखेरीस या नदीत कोणीतरी रात्री रसायन ओतले आणि उल्हासनगरमधल्या शेकडो रहिवाशांना श्वास घेणे अशक्य होऊन रुग्णालय गाठावे लागले. त्याच वर्षी जानेवारीत डोंबिवलीत हिरव्या रंगाचा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला रस्ताच गुलाबी झाला आणि तो पाहायला तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांना यावे लागले. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी याच वसाहतीतले कारखाने फुटले आणि माणसे मेली. जिथे माणसांची ही गत, तिथे निवटीची दाद कोण घेणार?

मासा विषाने मरतो तसा गुदमरूनही मरतो. प्रक्रिया न केलेले मैलापाणी नदीत गेले की ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू शोषून घेतात. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि मग उलटे होतात. जे तग धरतात, त्यांच्या शरीरात जड धातू साठत जातात आणि आपल्या ताटात येतात. तिवरांची मुळे ही कोळंबीच्या आणि माशांच्या पिल्लांची पाळणाघरे आहेत. त्यांवर भराव पडला की पुढच्या पिढ्याच खुंटतात. रेतीबंदरावरच्या सक्शन पंपांनी खाडीचा तळ उपसला, की तळाशी राहणारे जीव रेतीसकट ट्रकमध्ये जातात. एका उन्हाळ्यात एवढी हत्या होते, की सगळ्या कोळीवाड्यांची जाळी वर्षभरात तेवढी करू शकणार नाहीत.

कायदा आणि न्यायालये येथेही गप्प नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि पुढे २०१८ च्या निकालाने तिवरांच्या तोडीला मनाई केली. तिवरांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत अधिकारांचा भंग असल्याचे स्पष्ट केले. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली स्थानिक संस्था आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना एकूण ९५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नदी अजून शुद्ध व्हायची आहे. कातकऱ्याच्या सशाचा निकाल जागच्या जागी लागतो आणि नदीच्या हत्येची मात्र तारीख पडत राहते!

काहीजण म्हणतील, ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी येतात, २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झाले, २०२२ मध्ये रामसर क्षेत्राचा मान मिळाला, मग खाडी मेली कशी म्हणता? हा मान आनंदाचाच आहे. परंतु रोहित ज्या शेवाळावर पोसले जातात, ते सांडपाण्याच्या खतावर माजते. त्यांचे थवे पाहून खाडी निर्मळ झाली असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. खाडीची खरी परीक्षा रिकाम्या जाळ्याने घरी येणाऱ्या कोळ्याला विचारून होईल.

दोन टोकांचे विचारवंत

या प्रश्नावर आपल्याकडे दोन प्रकारचे विचारवंत आढळतात. पहिला प्रकार वातानुकूलित खोलीतल्या प्राणिमित्रांचा. त्यांना माणूस वगळून जंगल हवे असते. वनवासी उठवले, कुंपण घातले, की निसर्ग वाचला असे त्यांना वाटते. ही कल्पना मूळची साहेबाची. आधी जंगलात मनसोक्त वाघ मारायचे आणि नंतर ते राखीव करून तिथल्या माणसालाच घुसखोर ठरवायचे, हा वसाहतवादी वारसा आपण डोळे मिटून पुढे चालवतो.

दुसरा प्रकार तथाकथित पुरोगाम्यांचा. त्यांना प्रत्येक ताटात संघर्ष दिसतो. वनवासींचा आहार म्हणजे अन्य हिंदू समाजाविरुद्धचे बंड, असा साक्षात्कार त्यांना होतो आणि ‘शिकारीचे स्वातंत्र्य’ या घोषणेवर ते परिसंवाद भरवतात. परिसंवाद संपल्यावर वाडीवर पाण्याचा हातपंप नादुरुस्त आहे की नाही, हे पाहायला त्यांतले किती जण जातात?

या दोघांहून वेगळा आणि गंभीरपणे ऐकावा असा विचार ज्येष्ठ पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी मांडला. स्कँडिनेव्हियातल्या देशांप्रमाणे मर्यादित, नियंत्रित शिकारीला परवानगी द्यावी, शेतीचा नाश करणाऱ्या रानडुकरांच्या बाबतीत शेतकऱ्याला हतबल ठेवू नये, असा त्यांचा आग्रह होता. शेतकऱ्याच्या वेदनेविषयी त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु ठाणे जिल्ह्याच्या बाबतीत ही वाट धोक्याची आहे. तिथे विरळ वस्ती, विस्तीर्ण अरण्ये आणि परवान्याची शिस्त आहे. येथे तानसा अभयारण्याच्या आणि येऊरच्या डोंगराच्या उशाशी लाखोंची शहरे आहेत आणि त्या शहरांतल्या पैशाला रानमांसाची चटक लागलेली आहे. येथे शिकारीची दारे उघडली तर आत पहिला शिरेल तो फार्महाऊसचा मालक. कातकऱ्याच्या नावाने परवाना निघेल आणि मांस दुसऱ्याच्याच ताटात जाईल.

म्हणूनच २००६ च्या वनहक्क कायद्याने जी रेषा आखली, ती आम्हाला योग्य वाटते. त्या कायद्याने वनवासींचे परंपरागत हक्क मान्य करताना वन्यप्राण्यांची शिकार आणि फासेपारध यांना स्पष्टपणे वगळले, परंतु जलाशयांतले मासे आणि पाण्यातील अन्य उत्पादने यांवरचा सामूहिक हक्क तितक्याच स्पष्टपणे मान्य केला. रानातले प्राणी अभय पावोत, पाण्यातले अन्न वाडीचे असो, असा हा तोल आहे. दुर्दैव असे की बंदीची बाजू प्रत्येक वनरक्षकाला पाठ आहे आणि हक्काची बाजू वाडीवरच्या लोकांना कोणी सांगितलेलीच नाही.

आपण काय करायचे?

टीका करून थांबणे हा कार्यकर्त्याचा धर्म नव्हे. पहिली गोष्ट, वनहक्क कायद्याखालचे सामूहिक दावे. शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवर माशांच्या हक्काचे दावे दाखल करायला कागद, नकाशा आणि चार चकरा लागतात. ठाण्या-डोंबिवलीतल्या आपल्या वकिलांनी, निवृत्त अधिकाऱ्यांनी आणि शिक्षकांनी महिन्यातले दोन रविवार दिले, तर हे काम उभे राहू शकते.

दुसरी गोष्ट, पर्यायी उपजीविका. तामिळनाडूतले इरुळ हे कातकऱ्यांसारखेच साप आणि उंदीर पकडण्यात निष्णात. १९७२ च्या कायद्याने सापांच्या कातड्यांचा व्यापार थांबल्यावर ते उघड्यावर पडले. १९७८ साली त्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. आता ते साप पकडतात, विष काढतात आणि साप परत रानात सोडतात. त्या विषापासून सर्पदंशावरची लस बनते. २०२३ साली वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुळ सर्पमित्रांना पद्मश्री मिळाली. ज्या ज्ञानाला कालपर्यंत रानटी म्हटले जाई, त्याच ज्ञानाचा राष्ट्राने सन्मान केला. कातकऱ्याला मासा कुठे वितो, बिबट्या कुठून जातो, फास कुठे लागतो हे आपल्यापेक्षा अधिक कळते. त्याला वनरक्षणात, शेतातल्या उंदीर नियंत्रणात आणि मत्स्यपालनात रीतसर मोबदल्यावर सामावून घेण्यात अडचण कोणती?

तिसरी गोष्ट, आपले स्वतःचे आचरण. फार्महाऊसवर ‘रानातलं’ मांस समोर आले, तर पानावरून उठावे आणि यजमानाला उठण्याचे कारणही सांगावे. वलगणीच्या रात्री हौसेची जाळी घेऊन जाणाऱ्या मित्राला थांबवावे. पोटात अंडी असलेला मासा वाडीच्या चुलीसाठी गेला तर तो कोणाचा तरी घास होतो, आपल्या मौजेसाठी गेला तर पुढच्या वर्षीच्या ओढ्याची हत्या होते.

आणि चौथी, सर्वांत अवघड. नदीत विष सोडणारे कारखानदार परग्रहावरून आलेले नाहीत. ते आपल्याच गणेशोत्सवाला देणगी देतात, आपल्याच व्यासपीठावर शाल-श्रीफळ स्वीकारतात. ज्याच्या कारखान्याचे सांडपाणी रात्री नाल्यात जाते, त्याची देणगी मंडळाने नाकारावी. ज्या नगरसेवकाने भरावाकडे डोळेझाक केली, त्याला सभेत प्रश्न विचारावा. हे जोपर्यंत आपण करत नाही, तोपर्यंत कातकऱ्याच्या झोळीतल्या सशावर बोलण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही.

उल्हास ही आपल्या पिण्याच्या पाण्याची नदी आहे. जे पाणी कातकऱ्याच्या माशाला मारते, तेच गाळून, औषध घालून आपल्या नळाला येते. शिकार झालेल्यांच्या यादीत आपलेही नाव आहे, हे उमजायला आणखी किती उन्हाळे जावे लागणार आहेत?